परिचारिकेचा कोरडेपणा

रुग्णालयांतून घरीं परतलेल्या मंडळींच्या तोंडीं एक तक्रार नेहमीं असते. औषधपाणी वेळेवर झालें, पण परिचारिकेच्या बोलण्यांत ओलावा म्हणून नव्हता! हा दोष तिच्या स्वभावाचा, असें ठरवून मंडळी मोकळी होतात. पण शिक्षणाच्या पहिल्या वर्षीं एखादा रोगी दगावला, तेव्हां हीच मुलगी कदाचित् रात्रभर रडली असेल. मधल्या काळांत तिचा स्वभाव पालटला कशानें?

या प्रश्नाचा मार्मिक उलगडा लंडनमधील वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अभ्यासांतून झाला. इसाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक विदुषींनीं तो १९६० सालीं प्रसिद्ध केला. तेथें एखाद्या रोग्याची सर्व शुश्रूषा एकाच परिचारिकेच्या हातीं सोपवीत नसत. पुष्कळ रोग्यांचें थोडथोडें काम तिच्या वांट्यास येई. एका कक्षांत मन रमतें न रमतें तोंच तिची बदली होई. रोग्यास नांवाऐवजीं खाटेच्या क्रमांकानें किंवा बिघडलेल्या अवयवानें ओळखीत. लहानसा निर्णयही पुन्हां पुन्हां तपासला जाई. वरवर पाहतां ही सारी शिस्त. पण मेन्झीसबाईंच्या मतें ती भीतीपासून बचाव करणारी तटबंदी होती. दुखणें आणि मरण यांच्याशीं रोजची जवळीक मनास झेपत नाहीं, म्हणून जवळीकच होऊं नये अशी व्यवस्था संस्थेनें नकळत उभारली होती. मात्र या तटबंदीच्या आंत कोंडलेल्या परिचारिकेस कामाचें समाधानही मिळेना. सुमारें एकतृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट टाकून जात, आणि त्यांत समंजस व चांगल्या मुली बऱ्याच असत. म्हणजे जिला कळवळा अधिक, तिलाच ती जागा असह्य व्हावी!

पुढें न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यांत काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनीं १९७४ सालीं या अवस्थेस ‘बर्नआउट’ हें नांव दिलें. तेल संपल्यावर वातच जळूं लागावी, तशी ही स्थिति. कॅलिफोर्नियांतील क्रिस्टिना मास्लाक व सुसान जॅक्सन यांनीं १९८१ सालीं ती मोजण्यासाठीं २२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तींत तीन गोष्टी पाहतात : भावनांचा शीण, माणसाकडे वस्तूसारखें पाहण्याची वृत्ति, आणि आपल्या हातून कांहीं भलें होत नाहीं ही खंत. यांपैकीं दुसरें लक्षण सर्वांत फसवें, कारण प्रारंभीं तें कौशल्यासारखें दिसतें. जखम बांधतांना हात कांपूं नये म्हणून थोडी अलिप्तता हवीच. परंतु कामावरून सुटल्यावर ती उतरून ठेवतां आली नाहीं, तर घरीं ताटावर बसतांनाही ती अंगावरच राहते. मुलाला ताप आला असें कळतांच आई त्याला जवळ घेण्यापूर्वीं आंकडा विचारते.

हा रोग नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणांतून उद्भवणारी अवस्था होय, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्पष्ट केलें. हा भेद वाटतो तितका शाब्दिक नाहीं. रोग म्हटला कीं उपचार एकट्या परिचारिकेवर. येथें पाळ्या, अपुरीं माणसें आणि कामाची वांटणी यांचीही तपासणी करावी लागते.

लंडनमध्येंच मायकेल बालिंट यांनीं १९५० नंतरच्या वर्षांत डॉक्टरांचीं लहान मंडळें चालविलीं. आठवड्यांतून एकदां जमून एकानें आपल्या एखाद्या रोग्याविषयीं बोलावें आणि इतरांनीं ऐकावें, एवढाच तेथील मुख्य कार्यक्रम. कोणत्या रोग्याचा कंटाळा येतो, कोणाची भीति वाटते, कोणाचा चेहरा रात्रीं पाठ सोडीत नाहीं, हें तेथें न लाजतां सांगतां येई. अशीं मंडळें आजही अनेक देशांत भरतात.