फोर्थच्या खाडीतले वल्हे आणि बोदलकसाचे पाणी

एडिनबरा, मे अखेर

मे महिना संपत आला की इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो. कामावरून येऊन, जेवण उरकूनही समुद्रावर जायला वेळ उरतो. या दिवसांत फोर्थच्या खाडीकाठच्या गावांत संध्याकाळी एक लगबग हमखास दिसते. रंगवलेली लाकडी होडी दोन चाकांच्या गाड्यावर चढवून आठ-दहा माणसे ती वाळूवरून पाण्याकडे ढकलत नेत असतात. त्यांत शाळकरी मुलगी असते, निवृत्त शिक्षक असतात, परिचारिका असते, गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या आजी असतात. होडी यांपैकी कुणा एकाची नसते. ती गावाची असते, आणि बहुतेक वेळा गावानेच बांधलेली असते.

गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकांना स्कॉटलंडबद्दल लिहायचे तर किल्ले आणि धुके यांच्याआधी मला या होड्यांबद्दल लिहावेसे वाटते. आपल्याकडे पाणी आहे, नावाडी आहेत, आणि तरीही बोदलकसा तलावाच्या आसपास वाढलेल्या बहुतेक मुलींनी वल्हे कधी हातात धरलेले नाही. मीही त्यांतलीच. इथे येईपर्यंत होडी म्हणजे तिकीट काढून बसायची वस्तू, एवढेच मला ठाऊक होते.

या होड्यांची गोष्ट फार जुनी नाही. खाडीच्या उत्तरेला फाइफ नावाचा प्रांत आहे. तिथे अ‍ॅन्स्ट्रदर या बंदरात स्कॉटिश मासेमारीचे संग्रहालय आहे. एके काळी फाइफच्या किनाऱ्यावर कोळशाच्या खाणी होत्या, आणि खाण कामगारांच्या वस्त्या आपापल्या होड्या घेऊन शर्यती लावत. खाणींचे दिवस गेले तशा शर्यतीही थांबल्या. ती परंपरा पुन्हा उभी करायची म्हणून संग्रहालयाने इयन ऑट्रेड या नामवंत आरेखकाकडून एक होडी आखून घेतली. लांबी 22 फूट, चार वल्हेकरी, प्रत्येकाकडे एकच लांब वल्हे, आणि मागे सुकाणू धरून बसणारा पाचवा, ज्याला इथे कॉक्स म्हणतात. नाव ठेवले ‘सेंट एल्स स्किफ’. पहिली होडी 2009 मध्ये पाण्यात उतरली आणि 2010 मध्ये किनारी वल्हेकऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 2013 मध्ये वायव्येच्या उलापूल गावी या होड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आज अशा दोनशेहून अधिक होड्या आहेत, आणि त्या नेदरलँड्सपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पोचल्या आहेत.

हे इतक्या लवकर कसे पसरले, याचे उत्तर त्या आराखड्यातच आहे. प्लायवूडचे भाग यंत्रावर अचूक कापून गावाकडे पाठवले जातात. जोडणी गावाने करायची. एकावर एक चढवलेल्या फळ्या इपॉक्सीने चिकटवायच्या, घासायच्या, रंगवायच्या आणि वल्हीही स्वतःच तासायची. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम सात तासांचा. अशा हिवाळ्यात एखाद्या जुन्या गोदामात महिनोन् महिने हे काम चालते. आपल्याकडे मंडईच्या आधी झाडीपट्टीच्या नाटकाची तयारी चालते तसेच हे असते. कुणाला रंधा येतो, कुणाला नुसता चहा करता येतो, पण होडी तयार होते तेव्हा ती सगळ्यांची झालेली असते. पैसा वर्गणीतून, जत्रेतल्या विक्रीतून आणि लॉटरीच्या निधीतून मिळणाऱ्या अनुदानातून उभा राहतो. होडी फुटली तर ती दुरुस्त करणारे हात गावातच असतात, बाहेरून मिस्त्री आणावा लागत नाही.

स्किफ वेगळी का, ते तुलनेतून कळते. ऑलिंपिकमध्ये दिसणारी एका खेळाडूची होडी आठेक मीटर लांब असते आणि तिचे वजन जेमतेम 14 किलो असते. पाण्यात ती इतकी अरुंद असते की नवखा माणूस बसताक्षणी उलटतो. तिच्यातली बैठक मागेपुढे सरकते, त्यामुळे पाय, कंबर, पाठ यांचा मेळ बसायला महिने जातात. स्किफचे वजन सुमारे दीडशे किलो, पोट रुंद, बैठक पक्की. पहिल्याच दिवशी सत्तरीची बाई तिच्यात बसून वल्हे मारू शकते. गावाच्या होडी क्लबाचे दार सगळ्यांना उघडे आहे असे पाटीवर कुणीही लिहील. इथे ते खरोखर उघडे आहे, कारण होडीची रुंदीच तशी राखली आहे. आपल्याकडे कुणी असा प्रयत्न करणार असेल तर पहिला प्रश्न होडीचा विचारावा, नंतर घटनेचा आणि पदाधिकाऱ्यांचा.

चारही वल्हेकरी पुढे पाठ करून बसतात. होडी कुठे चालली आहे ते फक्त कॉक्सला दिसते. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांची मुलगी सुकाणूवर बसली तरी डॉक्टर आणि प्राध्यापक निमूटपणे तिचा हुकूम पाळतात. दृष्टी नसलेला माणूसही इथे बरोबरीने वल्हवू शकतो. पुढचे कुणाही वल्हेकऱ्याला दिसत नसते, आणि ताल कानाने व पाठीने कळतो. सुकाणूच्या सर्वांत जवळ बसलेला वल्हेकरी लय धरतो, बाकीचे तिघे ती उचलतात. नवखी माणसे एकदम चार बसवायची नाहीत, लय धरायला जुने माणूस ठेवायचे, हा साधा नियम. ज्याच्या खांद्यात जोर उरला नाही तो सुकाणू शिकतो, ज्याला पाण्यात जायचेच नाही तो गोदामात होडी घासतो. स्पर्धांमध्ये चाळीशीपुढच्यांचे, पन्नाशीपुढच्यांचे, साठीपुढच्यांचे वेगळे गट असतात आणि साठीपुढच्या बायकांच्या शर्यतीला किनारा दणाणून जातो.

क्लबात पगारी माणूस एकही नाही. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरते, हिशेब वाचला जातो, कार्यकारिणी निवडली जाते. आठवड्याचा तक्ता निघतो, कोण कधी येणार ते जो तो आपापले नाव लिहून कळवतो. वयाने कितीही मोठे असोत, सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. आजीच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने बोलावताना माझी जीभ सुरुवातीला अडखळायची.

या देशाची एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय हे क्लब समजत नाहीत. समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारी इथली लाइफबोट संस्था 1824 मध्ये स्थापन झाली. ती सरकारी खाते नाही. ती देणग्यांवर चालते आणि तिच्या नौकांवर जाणारे बहुतांश लोक स्वयंसेवक असतात. पेजर वाजला की दुकान, शेत, कार्यालय सोडून धावतात. ज्या किनाऱ्यावर हे दोनशे वर्षे चालले, तिथे शनिवारची सकाळ गावच्या होडीला देणे कुणाला जगावेगळे वाटत नाही. दुसरा आधार कायद्याचा आहे. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमधल्या बहुतेक जमिनीवर आणि तळ्या-नद्यांवर, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, सर्वांना वावरायचा हक्क दिला. इंजिन नसलेली होडी तळ्यात घालायला त्यामुळे मालकाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

सुरक्षेत मात्र कुणाची गय नाही. हिवाळ्याअखेर इथले पाणी सहा-सात अंशांवर येते, त्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत चालेनासे होतात. म्हणून तरंगते जाकीट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. रेडिओ, फेकायची दोरी, वाऱ्याचा अंदाज हे सगळे आधी पाहायचे. वारा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की फेरी रद्द, मग लांबून आलेला पाहुणा कितीही हिरमुसो. नॉर्थ बेरिकसमोर बास रॉक नावाचा खडक आहे. समुद्रपक्षी गॅनेट यांची ही जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक. त्याच्याजवळून वल्हवतानाही पक्ष्यांपासून अंतर राखायचे असते.

उणिवाही आहेत. काम करणारी माणसे तीच तीच असतात आणि ती थकतात. ज्यांच्या गाठीला मोकळा वेळ आणि निवृत्तिवेतन आहे त्यांचाच भरणा जास्त. दोन पाळ्यांत राबणारे आणि माझ्यासारखे बाहेरून आलेले थोडे. सगळ्यांना यायला सांगणे आणि सगळ्यांना येणे परवडणे यांतले अंतर इथेही पूर्ण मिटलेले नाही.

महाराष्ट्रात वल्हवण्याचा खेळ नवा नाही. पुण्यातला रॉयल कॅनॉट बोट क्लब 1868 चा. तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाचा रेगाटा, म्हणजे नौकांचा सोहळा, 1928 पासून होतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी भागात वाढला, फौजेत गेल्यावर वल्हवायला शिकला, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक घेऊन परतला. त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्याच्या वाटचालीतून हेही दिसते की वल्ह्यापर्यंत पोचायला आपल्याकडे क्लबाचे सभासदत्व, अभियांत्रिकीचा प्रवेश किंवा फौजेची भरती लागते. केरळातली गावे वर्गणी काढून सर्पनौका बांधतात. तळ्यांच्या आपल्या मुलखात असे काही रुजले नाही.

आणि आपला मुलूख तर तळ्यांचाच. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव, नवेगाव बांध, चोरखमारा, आणि तिरोडा तालुक्यात डोंगरांच्या कुशीतला बोदलकसा. हा तलाव इंग्रजी अमदानीतला, 1917 चा. काठावर पर्यटन महामंडळाचे निवास आहे, पलीकडे नागझिऱ्याचे जंगल, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी. या पाण्यांवर डोंगा चालवण्याची विद्या ढिवर समाजाकडे पिढ्यान् पिढ्या आहे. स्कॉटलंडमध्ये लोक होडीच्या शिकवणीसाठी दुसऱ्या गावाहून माणूस बोलावतात, आपल्याकडे गुरू तळ्याच्या काठावरच राहतात. त्यांची विद्या आपण शिकण्याजोगी मानली नाही, हे मला खुपते.

पाण्याशी आपले नाते किती धोक्याचे आहे तेही आठवा. सप्टेंबर 2021 मध्ये वरुड तालुक्यातल्या झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले. जानेवारी 2024 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव बुडाली आणि मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया गेल्या. रोजीसाठी नदी ओलांडणाऱ्या माणसाला जाकीट मिळायला हवे, पोहता यायला हवे. गावाचा होडी क्लब ही चैन आहे असे ज्यांना वाटते त्यांनी या बायांचा विचार करावा.

म्हणून तिरोड्याच्या, बोदलकसा परिसराच्या वाचकांना माझी विनंती आहे. शर्यती आणि पदके राहू द्या. एक रुंद, सहजी न उलटणारी होडी, चार वल्ही, पाच जाकिटे एवढ्यावर सुरुवात होते. मच्छीमार संस्थेला सोबत घ्या, शिकवणाऱ्या ढिवर भावांना मानधन द्या, पाटबंधारे आणि वन खात्याची परवानगी लेखी घ्या, पक्ष्यांच्या जागा सोडून द्या, इंजिन लावू नका. सर्वांत आधी मुलामुलींना पोहायला शिकवा. स्किफ कशी बांधतात, नियम कसे लिहितात, तक्ता कसा चालतो हे कुणाला सविस्तर हवे असेल तर संपादकांकडे पत्र पाठवा. मी प्रत्येकाला उत्तर देईन.