सर्व्हरवरील जागा जाते कोठे?

व्यवसायाचे हिशेब खतावणीतून संगणकात आले आणि त्यांच्यासोबत एक नवी काळजीही आली. वस्तू व सेवा कराची बीजके, वेतनपत्रके, रोखपत खात्यासाठी बँकेला द्यावयाचे साठा विवरणपत्रक, सारे एकाच सर्व्हरवरील नोंदींतून तयार होते. व्यवहार नेहमीइतकेच असताना त्या सर्व्हरची मोकळी जागा मात्र आठवड्यागणिक घटत जाते आणि एके दिवशी नवे बीजक बनणेच थांबते. अशा वेळी मोठ्या दिसतील त्या फायली पुसून टाकण्याचा मोह होतो. हाच मार्ग सर्वांत धोक्याचा आहे.

प्रथम ताळमेळ

पासबुक आणि रोकडवही यांच्या शिलकेत फरक आढळला, की लेखापाल ताळमेळपत्रक तयार करतो. येथेही तीच रीत उपयोगी पडते. ड्राइव्हची ‘प्रॉपर्टीज’ ही खिडकी वापरलेली एकूण जागा सांगते, तर ट्रीसाइज किंवा विनडिरस्टॅट यांसारखे साधन फोल्डरनिहाय जागा मांडते. समजा, पहिला आकडा ४३० गीगाबाइट आणि फोल्डरांची बेरीज ३१० गीगाबाइट आली. उरलेले १२० गीगाबाइट त्या साधनाला न दिसलेल्या भागात असतात. विंडोजमध्ये बहुधा तो भाग म्हणजे ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हा संरक्षित फोल्डर होय. फायलींच्या पूर्वस्थितीच्या प्रती, म्हणजेच ‘शॅडो कॉपी’, तेथे साठतात. त्यांना कमाल मर्यादा घालून देता येते.

व्यवहार-नोंदींची फाइल

ताळमेळ जुळला आणि एखादाच फोल्डर फुगलेला दिसला, तर डेटाबेसकडे पाहावे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रत्येक डेटाबेससोबत एक ‘ट्रान्झॅक्शन लॉग’ असतो. माहितीतील प्रत्येक बदल प्रथम त्यात लिहिला जातो. डेटाबेस ‘फुल रिकव्हरी’ पद्धतीत असेल, तर या लॉगचा स्वतंत्र बॅकअप घेतला जाईपर्यंत जुन्या नोंदींची जागा पुन्हा वापरली जात नाही. अनेकांची समजूत अशी असते, की रोज रात्री संपूर्ण डेटाबेसचा बॅकअप घेतला म्हणजे काम झाले. प्रत्यक्षात त्या बॅकअपने लॉग रिकामा होत नाही. परिणामी डेटाबेस २० गीगाबाइटचा आणि लॉग त्याच्या कित्येक पट, असे विचित्र चित्र दिसते. लॉग पूर्ण भरला, की ९००२ क्रमांकाची त्रुटी येते आणि नव्या नोंदी थांबतात.

ही फाइल कधीही पुसू नये. तिच्याविना डेटाबेस उघडेलच अशी खात्री नसते. नियमित अंतराने लॉग बॅकअप घेणे हा योग्य उपाय आहे. त्यामुळे फाइलचा आकार आपोआप घटत नाही, परंतु आतील जागा पुन्हा वापरात येते. त्यानंतर गरजेनुसार एकदा फाइल आकसून घ्यावी. ‘सिंपल रिकव्हरी’ पद्धत निवडल्यास लॉगची कटकट टळते, मात्र बिघाड झाल्यास शेवटच्या बॅकअपनंतरचे काम हातचे जाते. दिवसभर बीजके करणाऱ्या व्यवसायाने हा सौदा विचारपूर्वक करावा.

पुसण्यापूर्वी कायदा

काही वाढ रास्तही असते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा-प्रणालीत प्रत्येक फेरबदलाचा माग, म्हणजे ‘ऑडिट ट्रेल’, ठेवणे आवश्यक झाले आहे. त्याला जागा लागणारच. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस राखावयाचे आहेत. म्हणून वेबसर्व्हरचे जुने लॉगही मुदत पाहूनच काढावेत.

दर सोमवारी मोकळ्या जागेचा आकडा एका वहीत टिपून ठेवावा. वाढ कोणत्या आठवड्यात सुरू झाली हे कळले, की त्या आठवड्यात काय बदलले हे शोधणे सोपे जाते. शिल्लक रोज पाहणाऱ्या व्यावसायिकाला ही सवय जड जाऊ नये.