रेघ ओढली, माणूस अडकला

चार रेघांत माणूस उभा करणारं अर्कचित्र आपल्याला हसवतं, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. पण याच रेघांनी राजे बेजार केले, चोर पकडून दिले आणि अख्खे समाज बदनामही केले. त्यांचे हे काही पराक्रम आणि काही अपराध.

फोडणीआधीच ठसका
१९८७ मध्ये जिलियन ऱ्होड्स, सुसान ब्रेनन आणि सुसान केरी या मानसशास्त्रज्ञांनी ओळखीच्या माणसांची संगणकावर केलेली रेखाचित्रं लोकांना दाखवली. हुबेहूब रेखाचित्रांपेक्षा नाक-हनुवटी ताणलेली अर्कचित्रं लवकर ओळखली गेली. चेहऱ्यातलं वेगळेपण ताणलं की ओळख झटकन पटते. प्रचारकाला याहून सोयीचं काय असणार?

बुटका नसलेला बुटका
नेपोलियनची उंची साधारण १६८ सेंटिमीटर, त्या काळच्या फ्रेंच पुरुषांत अजिबात कमी नाही. पण लंडनचा व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याने १८०३ पासून त्याला भल्यामोठ्या टोपीतला, थयथयाट करणारा चिमुकला ‘लिटल बोनी’ करून टाकलं. फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा असल्याने ‘५ फूट २ इंच’ या नोंदीनेही घोळ वाढवला. दोन शतकं उलटली, तरी बुटक्या माणसाचं उदाहरण म्हणून आजही त्याचंच नाव घेतात!

राजाचं झालं नासपती
फ्रान्सचा राजा लुई फिलिप याची टिंगल केल्याबद्दल १८३१ मध्ये व्यंगचित्रकार शार्ल फिलिपाँवर खटला भरला गेला. त्याने न्यायालयात चार चित्रं काढली: पहिल्यात राजाचा चेहरा, चौथ्यात नासपती. मग दोषी कोण, मी की फळ? शिक्षा झालीच, पण पॅरिसच्या भिंतींवर नासपती उगवू लागली. १८३५ मध्ये सरकारने चित्रं छापण्याआधी मंजुरी घेण्याची सक्ती केली.

स्पेनमध्ये सापडलेला चोर
न्यूयॉर्कच्या तिजोरीवर डल्ला मारणारा पुढारी विल्यम ट्वीड १८७५ मध्ये कैदेतून निसटला. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये तो पकडला गेला, तो व्यंगचित्रकार थॉमस नास्टने ‘हार्पर्स वीकली’त काढलेल्या चित्रावरून. नास्टचा हा विजयच. पण याच नास्टने आयरिश स्थलांतरितांना माकडतोंडी, दारुडे म्हणून रंगवलं. लेखणी तीच, पण पहिल्या वेळी तिचा नेम एका लुटारूवर होता आणि दुसऱ्या वेळी अख्ख्या समाजावर.

१८५७ चा वाघ
ऑगस्ट १८५७ मध्ये लंडनच्या ‘पंच’मध्ये जॉन टेनियलचं चित्र आलं: ब्रिटिश सिंह बंगाली वाघावर झेप घेतोय आणि वाघाच्या पंजाखाली स्त्री आणि मूल. शिपायांच्या उठावातल्या कानपूरच्या हत्याकांडाने इंग्लंड संतापलेलं होतं. चित्राने त्या संतापाला दिशा दिली. काडतुसं, खालसा केलेली संस्थानं, शिपायांची गाऱ्हाणी, सगळं चौकटीबाहेर राहिलं. समोर उरला फक्त हिंस्र पशू, आणि पशूशी बोलणी कोण करतं? हाच टेनियल पुढे ‘अॅलिस इन वंडरलँड’च्या चित्रांसाठी मुलांचा लाडका झाला.

सहा दिवसांचं अंतर
मुलांचे आवडते डॉ. स्यूस यांनी १३ फेब्रुवारी १९४२ ला एक चित्र छापलं: अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एकाच तोंडवळ्याचे जपानी वंशाचे लोक रांगेत उभे राहून स्फोटकं घेताहेत. सहाच दिवसांनी राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला आणि पुढे सुमारे १ लाख २० हजार माणसं छावण्यांत डांबली गेली. आदेश काही चित्रामुळे निघाला नाही, पण तो लोकांच्या गळी उतरवणारी हवा अशाच चित्रांनी तयार केली. युद्धानंतर स्यूस जपानला जाऊन आले. १९५४ चं ‘हॉर्टन हिअर्स अ हू!’ त्यांनी क्योटोच्या एका प्राध्यापक मित्राला अर्पण केलं.

चित्रांचा सर्वांत काळा अध्याय
१९२३ मध्ये न्यूरेंबर्गला सुरू झालेलं ‘डेर श्टुर्मर’ हे नाझी साप्ताहिक ज्यूंना आकडेबाज नाकाचे, लोभी, विषारी प्राण्यांसारखे रंगवत राहिलं. विकत न घेणाऱ्यांनाही ते दिसावं म्हणून चौकाचौकांत काचेच्या पेट्यांत लावलं जाई. संपादक युलियस श्ट्रायखर याच्या हाताखाली सैन्य नव्हतं. तरीही १९४६ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी त्याला फाशी झाली.

हुकूमशहाला काय झोंबतं?
व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांनी हिटलरला राक्षस नव्हे, मूर्ख म्हणून रंगवलं. राक्षस म्हटलं की हुकूमशहा सुखावतो, गाढव म्हटलं की चिडतो, हे त्यांनी ओळखलं होतं. नेम अचूक लागला: १९३७ मध्ये जर्मनीची नाराजी थेट ब्रिटिश मंत्र्यामार्फत लोंपर्यंत पोहोचली.

साप्ताहिकातून पक्ष
ताकदीचा दाखला घरातही आहे. बाळासाहेब आणि श्रीकांत ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० ला ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक काढलं. सहाच वर्षांत, १९ जून १९६६ ला, त्यातून शिवसेना उभी राहिली.

म्हणून व्यंगचित्र बघताना एक गोष्ट जरूर तपासा: ताणलेलं नाक कोणाचं आहे? खुर्चीवरच्या एका माणसाचं असेल, तर खुशाल हसा. लोकशाहीला ते हसू हवंच. पण लाखो माणसांना एकच नाक चिकटवलेलं दिसलं, तर ते चित्र फोनवरून पुढे ढकलू नका.