नावाला ठेकेदार, आधार कोणाचा?

रंगकाम, प्लंबिंग, फरशीकाम अंगावर घेणाऱ्या आपल्या माणसाला लोक 'ठेकेदार' म्हणतात. प्रत्यक्षात ब्रश त्याच्याच हातात आणि परांचीवरही तोच.

कारखान्यात ईएसआय असलेला कामगार आजारी पडला, तर त्याला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्याच्यासाठी मालकही वर्गणी भरतो. आपल्या ठेकेदाराला मालकच नाही, मग भरणार कोण? तो खाटेला खिळला की दुसऱ्या दिवसापासून घरात उधारी सुरू.

हा खड्डा अजून कोणत्याही स्वस्त योजनेने बुजलेला नाही. त्यासाठी संघटितपणे मागणी करावीच लागेल. पण अपघातापुरता आधार आज हाताशी आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना २०१५ साली सुरू झाली. २०२२ पासून तिचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. मात्र मेअखेरीस खात्यात हप्त्यापुरतेही पैसे नसले, तर विमा तुटतो.

भगिनींनो, आज घरातले पासबुक काढा. हप्ता कापला गेला आहे का? वारस म्हणून कोणाचे नाव आहे? एवढे तरी पाहाच.