प्रोसेसर पुष्कळ, वाट एकच

प्रोसेसर दुप्पट केले की काम निम्म्या वेळात उरकते, ही समजूत मावळातल्या कुठल्याही चालकाला पटू नये. द्रुतगती मार्ग सहा पदरी, जुना महामार्ग चार पदरी. पण खंडाळ्यापासून आडोशी बोगद्यापर्यंत वर्षानुवर्षे दोन्हींची वाहतूक सहाच पदरांत कोंबली गेली. तेव्हा तळेगावला आणखी चार पदर टाकले असते, तरी घाटाने मिनिटाला तितक्याच गाड्या सोडल्या असत्या. सामाईक मेमरीच्या यंत्रातही हेच घडते: सगळे प्रोसेसर एकाच साठ्यातून आकडे उचलतात. मध्ये ‘बस’ नावाची एकच वाट असेल, तर एका वेळी एकाचीच मागणी पुढे सरकते. प्रत्येकाजवळची कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेला छोटा साठा, ही गर्दी कमी करते खरी, पण एकाने आकडा बदलला की इतरांकडची प्रत शिळी होते, आणि ती रद्द करण्याचे निरोपही त्याच वाटेने जातात.

मग सगळ्यांना सगळ्यांशी जोडावे, हा पुढचा भाबडा उपाय. क्रॉसबार तेच करतो. ५७ प्रोसेसर आणि मेमरीचे ५७ भाग असतील, तर त्याला ३,२४९ स्विच लागतात. संख्या दुप्पट झाली की स्विच चौपट. एवढा खर्च करूनही दोघांना एकाच भागातला आकडा हवा असेल, तर एकाला थांबावेच लागते. लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या १९८४ च्या पद्धतीमुळे गाजलेले नरेंद्र करमरकर यांनी १९९१ मध्ये वेगळा मार्ग मांडला, आणि माझ्या मते तो अजूनही पुरेसा चर्चिला गेलेला नाही. त्यांनी जोडणी प्रक्षेपीय भूमितीवर बेतली: मेमरीचा भाग म्हणजे बिंदू, प्रोसेसर म्हणजे रेषा, आणि बिंदू रेषेवर असेल तरच तार. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. म्हणून कोणत्याही दोन भागांतले आकडे गुणायचे असोत, दोन्हींशी जोडलेला एक प्रोसेसर असतोच. ५७ च्या मांडणीत प्रत्येकाला आठच तारा, एकूण ४५६. आक्षेप रास्त आहे की कोणाला केव्हा काय लागेल हे आधी ठाऊक असेल तरच टक्कर टळते. पण मोठ्या विरळ (बहुतांश शून्यांच्या) मॅट्रिक्सच्या गणितांत तीच रचना फेरीमागून फेरी येते. वेळापत्रक एकदाच आखावे लागते.

महासंगणक म्हणजे एकच अजस्र सामाईक मेमरी, हेही खरे नाही. सी-डॅकच्या १९९१ च्या ‘परम ८०००’ मध्ये प्रत्येक ट्रान्सप्युटर प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र होती आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे होते. नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा ठरलेला पुण्याचा ‘एका’ महासंगणक मेमरी वाटून घेई ती एकेका नोडच्या, म्हणजे त्यातल्या एकेका स्वतंत्र संगणकाच्या, आत. नोडांमधले निरोप इन्फिनिबँडच्या जाळ्यावरून जात. म्हणून सामाईक मेमरी कालबाह्य झाली म्हणावे, तर ती आज खिशातल्या फोनच्या चिपमध्येही आहे. फक्त ती सर्वांना सारखीच जवळ नसते. दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरवर लिनक्स सहसा मेमरीचे पान ज्या कोअरने आधी हाताळले त्याच्याजवळ ठेवते. एकाच कोअरने सगळी सारणी शून्यांनी भरून ठेवली, की दुसऱ्या बाजूच्या कोअरांना प्रत्येक आकड्यासाठी मधला दुवा ओलांडावा लागतो.