ताळेबंद पाण्याचा, निर्णय ग्रामसभेचा

1972च्या दुष्काळानंतर हिवरे बाजार या गावाची घसरण सुरू झाली. डोंगर बोडके झाले, विहिरींनी तळ गाठला, कामासाठी माणसे पुण्या-मुंबईकडे निघाली. 1989 साली पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले, पाच-एक वर्षांत गाव आदर्श गाव योजनेत आले आणि पाणलोटाची कामे सुरू झाली. सलग समतल चर, नालाबंडिंग, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान ही कथा आता महाराष्ट्राला पाठ आहे. तिच्यातला एक भाग मात्र मला फार मोलाचा वाटतो आणि तोच सर्वात कमी सांगितला जातो. 2004 पासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते.

हिशोब शाळेतल्या मुलांनाही जमेल असा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होते. गावाचे क्षेत्र सुमारे 976 हेक्टर, म्हणजे 100 मिलिमीटर पावसात शिवारावर जवळपास 98 कोटी लिटर पाणी पडते. त्यातले काही वाहून जाते, काही बाष्प होऊन उडते, काही मातीत ओल म्हणून राहते आणि थोडेच खाली मुरते. किती मुरले ते निरीक्षण विहिरी सांगतात. टेप सोडायचा, पाणी लागले तिथला आकडा घ्यायचा, कठड्याची उंची वजा करायची आणि वहीत तारखेसह लिहायचे. मग खर्चाची बाजू: आधी माणसे आणि जनावरे, उरेल ते पिकांना. पाऊस कमी झाला तर गव्हासारखी जास्त पाण्याची पिके आवरायची आणि ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचे, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरते.

आपला खडकच असा आहे की हा हिशोब टाळता येत नाही. राज्याचा 80 टक्क्यांहून अधिक भाग काळ्या बेसाल्टचा. त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात मावेल तेवढेच पाणी. भरउन्हाळ्यात कोरडी पडलेली विहीर पेरणीच्या वेळी घेतलेल्या निर्णयाचे फळ असते.

तरीही नुसत्या आकड्यांनी हिवरे बाजार घडले, असे मी म्हणणार नाही. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, हे नियम गावाने पाळले. शेजाऱ्याच्या शेतातही बोअरची गाडी येणार नाही, ही खात्री होती म्हणून ताळेबंदातला आकडा कोणी परका मानला नाही. 1995च्या पाहणीत दारिद्र्यरेषेखाली 168 कुटुंबे होती, 2010च्या सुमारास ती तीनवर आली. त्यामागे चर खोदणाऱ्यांचे जेवढे श्रम आहेत, तेवढाच दरवर्षी पिकाबाबत पाळलेला संयमही आहे.

पाण्याच्या हिशोबाची ही गरज राज्याने उशिरा का होईना ओळखली. 2009चा भूजल अधिनियम 2014 मध्ये लागू झाला. पुढे काही वर्षांनी केंद्राची अटल भूजल योजना आली आणि तिच्यातल्या ग्रामपंचायतींना जलसुरक्षा आराखडे करावे लागले. दिशा योग्यच आहे. पण आराखडा योजनेच्या माणसांनी तयार केला, सरपंचांनी सही केली आणि तो कपाटात गेला, तर शेतकऱ्याच्या पेरणीत फरक पडत नाही. भूजल यंत्रणा वर्षातून चारदा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. यातला ऑक्टोबरचा आकडा सोन्यासारखा आहे, कारण गहू-हरभऱ्याची पेरणी तेव्हाच ठरायची असते. तो त्याच महिन्यात, तालुक्याच्या सरासरीत न मिसळता, गावाच्या स्वतःच्या विहिरींच्या नावाने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. मार्चमध्ये छापील अहवाल हाती येतो, तेव्हा गहू कापणीला आलेला असतो आणि टँकरचे प्रस्ताव तहसीलकडे निघालेले असतात.