गणवेशाचा वारसा आणि मालकी : पोर्ट अ‍ॅडलेड क्लबच्या ‘प्रिझन बार’ जर्सीचा वाद

प्रस्तावना

अ‍ॅडलेड ओव्हल हे मैदान मराठी वाचकास क्रिकेटमुळे परिचित आहे. क्रिकेटचा हंगाम सरला की त्याच मैदानावर लंबगोल चेंडूने खेळला जाणारा ऑस्ट्रेलियन फुटबॉल सुरू होतो. प्रत्येकी अठरा खेळाडूंचा हा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलपेक्षा सर्वस्वी भिन्न आहे. त्यात चेंडू हाताने झेलता येतो, मुठीने पुढे ढकलता येतो आणि लाथेने दूरवर उडवता येतो. या खेळातील बिनबाह्यांच्या जर्सीला तेथे ‘गर्न्सी’ किंवा ‘जम्पर’ म्हणतात. अशाच एका गर्न्सीवरून दोन जुन्या क्लबांमध्ये दीर्घकाळ चाललेला वाद हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहता हा प्रश्न कापडाच्या पट्ट्यांचा आहे. तथापि एखाद्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले चिन्ह करारपत्रावर सही करून सोडून देता येते काय, हा त्यामागील खरा प्रश्न होय.

दोन क्लब, एकच रंगसंगती

पोर्ट अ‍ॅडलेड फुटबॉल क्लबची स्थापना १८७० साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील बंदर-वस्तीत झाली. गोदी कामगार आणि त्यांची कुटुंबे हा या क्लबचा प्रारंभापासूनचा आधार. एके काळी क्लबचा रंग किरमिजी व निळा होता. किरमिजी रंग टिकाऊ मिळेना, म्हणून १९०२ साली काळा-पांढरा वेश स्वीकारला गेला, असे क्लबच्या इतिहासात सांगितले जाते. खांद्याकडील भाग काळा आणि त्याखाली उभे पट्टे, अशी ही रचना आहे. बंदरातील धक्क्यांच्या खांबांशी तिचे साम्य पाहणारे पाहतात. जनमानसात मात्र ‘प्रिझन बार’, म्हणजे तुरुंगाचे गज, हेच नाव रूढ झाले. ज्या वस्तीने हे नाव उपहास न मानता अभिमानाने मिरवले, त्या वस्तीचा स्वभाव त्यातून कळतो. १९१४ साली एकही सामना न हरता अजिंक्य ठरलेला संघ याच वेशात खेळला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगमधील बहुतेक विजेतेपदेही क्लबने याच वेशात मिळवली.

दुसरा पक्ष मेलबर्नमधील कॉलिंगवूड क्लबचा. हा क्लब १८९२ साली स्थापन झाला व आरंभापासून काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांत खेळला. तोही कष्टकरी वस्तीतलाच. दोन्ही क्लबांचे टोपणनाव ‘मॅगपाय’. हा ऑस्ट्रेलियातील काळा-पांढरा पक्षी. आपल्याकडील दयाळाची आठवण करून देणारा, पण आकाराने बराच मोठा.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. क्लब म्हणून पोर्ट अ‍ॅडलेड वयाने ज्येष्ठ आहे, परंतु काळ्या-पांढऱ्या रंगाच्या बाबतीत कॉलिंगवूड दहा वर्षांनी आधीचा आहे. त्यामुळे ‘आधी कोण’ या न्यायाने वाद मिटत नाही. दोन्ही बाजूंचे समर्थक ज्येष्ठतेचा दाखला देतात खरे. मात्र प्रत्येक जण आपल्या सोयीचे वर्ष निवडतो.

वादाचे मूळ : राष्ट्रीय लीग

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाअखेरपर्यंत हा रंगसाधर्म्याचा प्रश्न कोणालाही छळत नव्हता. एक क्लब व्हिक्टोरियाच्या लीगमध्ये, दुसरा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये. अंतर शेकडो किलोमीटरचे. व्हिक्टोरियन लीगने राज्याबाहेर पाय पसरले आणि चित्र बदलले. १९८२ साली साउथ मेलबर्न क्लब सिडनीस गेला, १९८७ साली पर्थ व ब्रिस्बेन येथील संघ सामील झाले, आणि १९९० साली लीगने ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ हे नाव धारण केले.

त्याच वर्षी पोर्ट अ‍ॅडलेडने स्वतंत्रपणे या लीगशी बोलणी सुरू केली. राज्यातील इतर क्लबांना तो विश्वासघात वाटला. प्रकरण न्यायालयात गेले आणि राज्य लीगने घाईने अ‍ॅडलेड नावाचा नवा संघ उभारून १९९१ पासून तो मैदानात उतरवला. पोर्ट अ‍ॅडलेडला अखेर १९९७ साली प्रवेश मिळाला, तोही विशिष्ट अटींवर. ‘मॅगपाय’ नाव सोडावे लागले आणि जुना वेशही. ‘पॉवर’ हे नवे नाव आले. काळ्या-पांढऱ्यास मोरपंखी छटेची जोड देऊन नवी जर्सी घडवण्यात आली. जुन्या वेशातील संघ राज्य लीगमध्ये मागे राहिला.

कॉलिंगवूडची बाजू निराधार नाही. एकाच स्पर्धेत दोन काळे-पांढरे संघ असल्यास ओळखीचा गोंधळ होतो. शिवाय राष्ट्रीय लीगच्या अर्थकारणात जर्सीची विक्री हे उत्पन्नाचे साधन आहे, आणि प्रवेश घेताना पोर्ट अ‍ॅडलेडने या अटी मान्य केल्या होत्या. १९९८ ते २०२१ या काळात कॉलिंगवूडचे अध्यक्ष असलेले एडी मॅग्वायर यांनी ही भूमिका ठामपणे मांडली. कराराच्या भाषेत तिला उत्तर देणे कठीण आहे.

परंतु करार समान बळाच्या पक्षांत झाला होता काय, हेही पाहिले पाहिजे. प्रवेशद्वाराची किल्ली ज्यांच्या हाती होती, त्यांनीच अट घातली. शिवाय लीगने स्वतःच २००३ पासून ‘हेरिटेज राउंड’ भरवून जुन्या वेशांची हौस वाढवली. पोर्ट अ‍ॅडलेडनेही त्या निमित्ताने प्रिझन बार परिधान केला. पुढे २००७ सालच्या समझोत्याने त्यावर मर्यादा आल्या. वारशाचा उत्सव भरवायचा आणि त्याच वेळी एकाच क्लबाच्या वारशाचे मोजमाप करायचे, ही विसंगती प्रस्तुत लेखकास या वादाचा सर्वांत दुबळा दुवा वाटते.

वापराचे प्रसंग

२०१४ च्या बाद फेरीत रिचमंडविरुद्ध दोन्ही संघांचे वेश काळे असल्याने अडचण उद्भवली आणि पोर्ट अ‍ॅडलेडला प्रिझन बार घालण्यास मुभा मिळाली. तो सामना त्यांनी ५७ गुणांनी जिंकला. २०२० साली, स्थापनेच्या दीडशेव्या वर्षी, ‘शोडाउन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अ‍ॅडलेड क्लबविरुद्धच्या लढतीत तो पुन्हा दिसला. महामारीमुळे प्रेक्षकसंख्या मर्यादित होती. मे २०२१ मध्ये परवानगी नाकारली गेली आणि तो वेश घालून खेळल्यास गुण कापले जातील, अशी तंबी मिळाली. खेळाडूंनी सामना नव्या जर्सीत जिंकला, मग ड्रेसिंग रूममध्ये जुनी जर्सी चढवून विजयगीत गायले. नियम मोडला नाही आणि म्हणायचे ते म्हटले. वारशाच्या प्रश्नात पत्रव्यवहारापेक्षा अशी कृती किती बोलकी ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तुलनेसाठी फिट्झरॉय क्लबाचे प्रकरण पाहावे. १९९६ साली आर्थिक विपन्नावस्थेत हा क्लब ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. मात्र विलीनीकरणाच्या करारात जर्सीवरील सिंहचिन्हास संरक्षण मिळालेले होते. २०१० च्या हंगामासाठी ब्रिस्बेनने नवा सिंह आणला, तेव्हा फिट्झरॉयच्या जुन्या मंडळींनी त्या कलमाच्या आधारे व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०१० सालीच तडजोड झाली. म्हणजे मरणासन्न क्लबाने करार करताना आपले चिन्ह राखले आणि जिवंत, संपन्न क्लबाने प्रवेशासाठी ते गहाण टाकले. वारसा टिकवण्याचे बळ भावनेइतकेच करार करण्याच्या क्षणी असलेल्या सावधपणावर अवलंबून असते, हे यावरून दिसते.

२०२३ साली कॉलिंगवूडच्या नव्या नेतृत्वाच्या काळात शोडाउनपुरती प्रिझन बार घालण्यास संमती मिळाली. मात्र मुख्य संघास हा वेश हक्काने लाभलेला नाही. तो परवानगीने मिळतो. याउलट २०१४ पासून क्लबचा दुय्यम संघ म्हणून राज्य लीगमध्ये खेळणारे मॅगपाय आजही तोच वेश घालून मैदानात उतरतात. मुख्य संघात निवड न झालेल्या तरुण खेळाडूस जो वेश सहज मिळतो, त्यासाठी त्याच क्लबच्या कर्णधारास मेलबर्नच्या होकाराची वाट पाहावी लागते.